घसरगुंडीखाली काय आहे?

मुलांना खेळायला कुठे न्यावं, कोणती बाग चांगली आणि ती ओळखायची कशी, असे प्रश्न ठाणे, नवी मुंबई आणि आजूबाजूच्या गावांतून आले आहेत. बहुतेकांनी ठिकाणांची नावं मागितली आहेत. ती दिली आहेतच, पण त्याहून जास्त जागा आम्ही खेळण्यांच्या तपासणीला दिली आहे. नाव मोठं असलेल्या बागेतही एक झोपाळा धोक्याचा असू शकतो, आणि कोपऱ्यावरची छोटी बाग मुलांसाठी उत्तम निघू शकते.

प्रश्न : आम्ही नुकतेच बदलापूरला राहायला आलो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी अडीच. सोसायटीत दोन झोपाळे सोडले तर काहीच नाही. जवळच्या चांगल्या बागा शोधायच्या कशा? आणि एखाद्या रविवारी ठाणे-नवी मुंबईकडे यायचं तर कुठे?
(बदलापूर पूर्व)

आधी जवळचं शोधा. घरापासून दहा-पंधरा मिनिटं चालत जाता येईल अशी बाग आठवड्यातून चार वेळा होते, लांबची महिन्यातून एकदा. मुलांच्या हातापायांना ताकद आणि तोल येतो तो रोजच्या खेळण्यातून.

मोबाईलवरच्या नकाशात ‘उद्यान’, ‘गार्डन’ आणि ‘मैदान’ हे तीनही शब्द वेगवेगळे टाकून शोधा, कारण एकच जागा कोणी कोणत्या नावाने टाकली असेल सांगता येत नाही. मग उपग्रहाचं चित्र लावा. त्यात तीन गोष्टी दिसतात: झाडांची सावली किती, फाटक मोठ्या रस्त्यावर उघडतं का, आणि शेजारून नाला जातो का. लोकांनी टाकलेले फोटो बघताना तारीख बघा. उद्घाटनाच्या दिवशीचा फोटो काही सांगत नाही, एका पावसाळ्यानंतरचा सांगतो.

दुसरा मार्ग नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून जातो. शहराच्या विकास आराखड्यात ‘उद्यान’ आणि ‘खेळाचे मैदान’ अशी आरक्षणं दाखवलेली असतात. तुमच्या भागातले असे भूखंड टिपून घ्या आणि प्रत्यक्ष जाऊन बघा. काही ठिकाणी नुसतं कुंपण असेल, काही ठिकाणी गाड्या उभ्या असतील, पण एखादं मोकळं मैदान असं सापडतं की ज्याचं नाव नकाशावर कोणी टाकलेलंच नाही. आठ वर्षांच्या मुलाला चेंडू खेळायला तेच लागतं.

मग एकदा मुलांना न घेता जा, साध्या वारी, संध्याकाळी साडेपाचला. कोणत्या वयाची मुलं खेळताहेत ते बघा. सगळी दहा-बारा वर्षांची आणि धावाधाव करणारी असतील तर अडीच वर्षांच्या मुलीला तिथे ढकलाढकलीच मिळेल. स्वच्छतागृह उघडं आहे की कुलपात? पिण्याच्या पाण्याचा नळ चालतो का? बाकावर बसून खेळण्याची जागा आणि फाटक दोन्ही एका नजरेत येतात का? दोन मुलं एकाच मोठ्या माणसाने सांभाळायची असतील तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. चार फाटकांची, झुडपांनी भरलेली बाग दिसायला सुंदर असते, पण तिथे लहान मूल क्षणात नजरेआड होतं.

आता रविवारचं. कल्याणला उतरायचं असेल तर पश्चिमेचा काळा तलाव आहे. तिथे फेरी मारता येते. ठाण्यात स्टेशनपासून चालत जाण्यासारखी तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलाव. नौकाविहार मुलाला आवडेल, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मात्र बसवू नका. मुलीसाठी ही जागा नाही. तलावाभोवती वाहनांची वर्दळ असते आणि सुटं धावायला जागा नसते.

कोलशेतचं नमो ग्रँड सेंट्रल पार्क फेब्रुवारी २०२४ मध्ये खुलं झालं. वीस एकरांहून मोठं आहे, त्यामुळे दोन्ही मुलांना पुरतं. ते ठाणे स्टेशनपासून लांब आहे, रिक्षा किंवा बसचा वेळ धरूनच निघा. नवी मुंबईत जायचं तर ठाण्याला ट्रान्स-हार्बरची पनवेल किंवा नेरुळ गाडी पकडून नेरुळला उतरा. सेक्टर १९ए मधल्या वंडर्स पार्कात जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि टॉय ट्रेन आहे. आठ वर्षांच्या मुलाचा अर्धा दिवस तिथे सहज जातो. खारघरचं सेंट्रल पार्क त्याहून ऐसपैस. बेलापूरला उतरून मेट्रो घ्या, ‘सेंट्रल पार्क’ नावाचंच स्थानक आहे. ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे आणि बऱ्याच मुलांना बागेपेक्षा तिचंच अप्रूप जास्त वाटतं. पार्क विस्तीर्ण आहे पण सावली विरळ, म्हणून मार्च ते मे तिथे उन्हं उतरल्यावरच जा.

तिकिटाच्या बागांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असण्याची आणि दुपारी फाटक बंद असण्याची पद्धत आहे. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा, बदलापूरहून येऊन बंद फाटकापुढे उभं राहायला नको.

प्रश्न : आमच्या सोसायटीत मुलांची खेळणी पेव्हर ब्लॉकवर बसवली आहेत. तक्रार केल्यावर कमिटीने वर रबरी मॅट टाकली. आता ते म्हणतात की प्रश्न मिटला. खरंच मिटला का?
(घोडबंदर रोड, ठाणे)

बहुधा नाही. मॅटची जाडी मोजा. जिममध्ये वापरतात ती १५ ते २५ मिलिमीटरची मॅट पाय घसरू देत नाही, गुडघा खरचटू देत नाही, पण दीड मीटरवरून डोक्यावर पडणाऱ्या मुलाला ती वाचवत नाही. काँक्रीटवर टाकलेलं नुसतं कृत्रिम गवत तर दिसायलाच मऊ. खेळाच्या जागेतल्या गंभीर इजांचं मोठं कारण म्हणजे पडणं, आणि पडल्यावर काय होतं हे बहुतांशी खालच्या थरावर ठरतं.

रबराच्या बाबतीत नियम सोपा आहे: जितकी उंची, तितकी जाडी. पुरवठादाराला एकच कागद मागा. ‘किती उंचीवरून पडल्यास हा थर सुरक्षित’ याच्या चाचणीचा दाखला, युरोपीय ईएन ११७७ किंवा अमेरिकी एएसटीएम एफ१२९२ या मानकाप्रमाणे. दाखल्यावरची उंची तुमच्या खेळण्यातल्या सर्वांत उंच फलाटाच्या, म्हणजे मूल उभं राहतं त्या मंचाच्या, उंचीएवढी किंवा जास्त हवी. साधारण सव्वा ते दीड मीटरच्या फलाटाला ४० ते ५० मिलिमीटरच्या खेळाच्या टाइल्स लागतात, तरी जाडीवरून अंदाज न बांधता दाखलाच बघा. दाखला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

स्वस्त आणि चांगला पर्याय वाळूचा. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार दबून बसलेली ९ इंच वाळू सुमारे ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरते. वाळू दबते, म्हणून भरताना १२ इंच भरायची. हिशेब असा: खेळण्याच्या चहूबाजूंनी ६ फूट मोकळी जागा सोडून वाळूचा चौकोन आखा (झोपाळ्याला पुढेमागे जास्त लागते, ते माप खाली आहे). तो २० फूट बाय १५ फूट निघाला तर ३०० चौरस फूट, एक फूट खोलीने ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास. फलाट चार फुटांहून उंच असेल तर वाळूवर विसंबू नका, दाखल्याचं रबर घ्या.

वाळू गोल कणांची, धुतलेली हवी. बांधकामाची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, टाळा. तिचे कण कोनदार असतात, भुकटीसकट एकमेकांत अडकून पावसानंतर जवळजवळ फरशीसारखे घट्ट बसतात. पेव्हरवरच वाळू ओतू नका. पेव्हर काढा, खाली खडीचा थर आणि पाणी वाहून जायला उतार द्या, खडी आणि वाळू यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड, अंथरा. हे कापड नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात खडी वर येते आणि वाळू खाली जाते. ठाण्याच्या पावसात निचरा नसलेला खड्डा चार महिने डबकं बनून राहतो. रात्री वर जाळी किंवा ताडपत्री घाला, नाहीतर मांजरं-कुत्री घाण करतात आणि त्यातून जंतांचा संसर्ग मुलांना होऊ शकतो. आठवड्यातून एकदा दाताळ्याने उकरून मोकळी करा. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या टोकाशी पायांनी खड्डा पडतो, तिथे दर वेळी वाळू परत ओढून घ्या. मूल नेमकं तिथेच पडतं.

खालचं झालं, आता वरचं. तुमच्या कमिटीतला एक जण मेजपट्टी घेऊन तासभरात हे सगळं तपासू शकतो.

कठड्याच्या दांड्या, शिडीच्या पायऱ्या, फळ्या यांतल्या फटी मोजा. साडेतीन ते नऊ इंचांमधली, म्हणजे ९ ते २३ सेंटिमीटरची फट वाईट. त्यातून लहान मुलाचं अंग पाय आधी घालून निसटतं, डोकं अडकतं आणि मूल मानेवर लटकतं. फट याहून लहान हवी किंवा याहून मोठी.

झोपाळ्याचा वरचा दांडा जमिनीपासून ८ फुटांवर असेल तर पुढे १६ आणि मागे १६ फूट मोकळं हवं, म्हणजे उंचीच्या दुप्पट, दोन्हीकडे. सोसायट्यांमध्ये सर्रास चुकतं ते इथे: मागे भिंत, पुढे सायकली. एका चौकटीत दोनच झोपाळे, त्यांच्यात किमान २ फूट अंतर, आणि खांबापासून अडीच फूट. पाटी लाकडी किंवा लोखंडी असेल तर आजच बदला, रबरी पट्ट्याची बसवा. धावत येणाऱ्या मुलाच्या कपाळाला रिकामी पाटी लागते तेव्हा फरक कळतो. साखळीचा एस आकाराचा हुक पूर्ण मिटलेला हवा. त्याच्या फटीत रुपयाचं नाणं शिरत असेल तर तो उघडत चालला आहे.

खांब जिथे काँक्रीटमध्ये शिरतो ती जागा बघा. खाडीकडच्या दमट हवेत गंज तिथेच आधी धरतो, आणि दरवर्षीच्या रंगाखाली तो झाकला जातो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून बघा: ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर खांब आतून खाल्लेला आहे. दोन्ही हातांनी ढकलून खांब बुडाशी हलला तर ते खेळणं त्याच दिवशी बंद करा.

फायबरच्या घसरगुंडीवर हाताचा मागचा भाग फिरवा. खाज सुटली की समजा वरचा गुळगुळीत थर झिजून काचेचे तंतू उघडे पडले आहेत. पुन्हा जेलकोट मारून ती वाचवता येते. तडा गेलेली असेल तर वाचवू नका.

कमिटीसाठी एक मुद्दा: ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. मंजूर नकाशात ती कुठे दाखवली आहे ते काढून बघा. कधी कधी खेळणी पेव्हरवर दाटीने बसलेली असतात आणि मंजूर मोकळ्या जागेत गाड्या लावलेल्या असतात.

प्रश्न : नात चौदा महिन्यांची आहे. घसरगुंडीवर तिला मांडीवर घेऊन मीच घसरते, म्हणजे ती सुरक्षित राहते. सून नको म्हणते. कोणाचं बरोबर?
(वाशी)

आजी, सुनेचं. मांडीवरचं मूल जास्त सुरक्षित वाटतं, घडतं उलट. बाळाच्या बुटाचा रबरी तळवा घसरगुंडीच्या कडेला धरला जातो, पाय तिथेच अडतो, पण तुमचं वजन खाली जातच राहतं. पिळ बसून नडगीचं हाड मोडतं. लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना ही इजा चांगली ओळखीची आहे. एकटं मूल अडकलं तर त्याचं स्वतःचं वजन कमी असल्याने सहसा तेवढं होत नाही.

नातीला अगदी बुटकी घसरगुंडी निवडा, तिला पाय पुढे करून बसवा आणि बाजूला उभं राहून काखेत धरून खाली आणा. झोपाळा चारी बाजूंनी बंद, पाय बाहेर काढता येतील असा. गळ्यात काही नको: टोपीची दोरी, कुंचीचे बंद, माळ, सगळं काढा. मोठ्या मुलींच्या ओढण्यासुद्धा घसरगुंडीच्या वरच्या टोकाला अडकतात.

ओपन जिमकडे तिला फिरकू देऊ नका. ती यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची आहेत. हलत्या दांड्यांच्या सांध्यात लहान बोटं चिरडतात, आणि कुणीतरी सोडलेला पायांचा लोलक चालत्या बाळाच्या बरोबर डोक्याच्या उंचीवर येतो. आपल्याकडे बऱ्याच उद्यानांत ओपन जिम आणि मुलांची खेळणी शेजारी शेजारी असतात, मध्ये कुंपण नसतं.

वाशीत मिनी सीशोर आणि सागर विहार या दोन्ही जागा संध्याकाळी बाबागाडी फिरवायला चांगल्या. पाण्याच्या कडेला मात्र हात सोडू नका. इथल्या बऱ्याच बागांशेजारी जे पाणी दिसतं ते सिडकोने बांधलेले धारण तलाव आहेत. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी त्यात साठवतात आणि ओहोटीला सोडतात. तळाशी खोल गाळ असतो. उथळ दिसलं तरी ते पाय रोवायला योग्य नाही.

प्रश्न : पावसाळ्यात मुलांना घरात कोंडून ठेवणं नको वाटतं. खारघरला राहतो, धबधबे समोर दिसतात. कुठे न्यावं?
(खारघर)

पांडवकड्याला नाही. तिथे वारंवार माणसं गेली आहेत आणि पावसाळ्यात वनखातं प्रवेशबंदी लावतं. डोंगरावर पाऊस वाढला की खाली काही न कळता ओढ्याचं पाणी मिनिटांत चढतं, आणि परतीची वाट त्याच ओढ्यातून असते. मुलं बरोबर असताना बंदी नसलेला कुठलाही ओढासुद्धा या कारणाने टाळा.

पावसात भिजायचंच असेल तर सपाट, गवताची, वाहतं पाणी नसलेली जागा घ्या. खारघरचं सेंट्रल पार्क त्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळ्यापेक्षा कितीतरी छान असतं. शेवाळलेल्या पेव्हरवर धावू देऊ नका. चप्पल नको, पायाला घट्ट बसणारे आणि खाली खाचा असलेले बूट घाला. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरवू नका, लेप्टोचा, म्हणजे प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा, धोका असतो. दिव्याच्या खांबांपासून, उघड्या वायरपेट्यांपासून लांब. मोठा वारा सुटला असेल तर पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहराखालच्या बाकांवर बसू नका. या दोन्ही झाडांच्या फांद्या पहिल्या जोरदार पावसांत मोडून पडतात.

पाऊस संपता संपता, सप्टेंबरपासून पुढे, घोडबंदर रोडवर ओवळ्याची ओवळेकर वाडी बघा. फुलपाखरांसाठी मुद्दाम झाडं लावून वाढवलेली ही खासगी बाग आहे, रविवारी सकाळी जायचं. ऊन चढायला लागलं की फुलपाखरं उडायला लागतात, म्हणून ढगाळ दिवस टाळा. चार वर्षांवरच्या मुलांना तिथे रमायला येतं. अगदी लहानांना हात न लावता बघायचं म्हणजे शिक्षा वाटते.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट असते म्हणतात. सहा वर्षांच्या मुलीला नेता येईल का? कधी?
(डोंबिवली)

येईल. किनारी व सागरी जैवविविधता केंद्र हे ते ठिकाण, वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. पक्षी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये संख्या भरपूर असते.

बोटीची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरते. ओहोटीला पाणी इतकं कमी होतं की बोट चिखलात रुतते, म्हणून फेऱ्या भरतीच्या आसपासच निघतात. भरतीची वेळ दर दिवशी सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे मागच्या रविवारी मैत्रिणीला मिळालेली वेळ तुम्हाला मिळणार नाही. भरतीचं वेळापत्रक आधी बघा, सकाळी आठ-दहाच्या किंवा चारनंतरच्या भरतीचा दिवस निवडा आणि नोंदणी आधीच करा. भर दुपारची फेरी मिळाली तर मुलीला टोपी आणि लांब बाह्या हव्यातच, पाण्यावरून परतणारं ऊनही लागतं. स्वच्छतागृहाला जाऊनच बोटीत बसा. भडक लाल-पिवळे कपडे नकोत. दुर्बीण एक असली तर मुलीला आधी द्या, मोठ्यांना डोळ्यांनी दिसतं.

प्रश्न : माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो. प्रत्येक बागेत काहीतरी अडतंच. जाण्याआधी काय विचारावं?
(कोपरखैरणे)

सगळ्यात आधी फाटक. गाड्या आत येऊ नयेत म्हणून बसवलेले नागमोडी लोखंडी कठडे आणि फिरती फाटकं व्हीलचेअरला अडवतात. बाजूचं मोठं फाटक उघडून मिळेल का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे फोनवर किंवा सुरक्षारक्षकाला आधी विचारा. वाट किमान ९० सेंटिमीटर रुंद हवी. उतार १ ला १२ पर्यंत चालतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. यापेक्षा तीव्र रॅम्प मदतनीसालाही झेपत नाही, आणि दुर्दैवाने असे नावापुरते रॅम्प बरेच आहेत.

खेळाच्या जागेत वाळू असेल तर चाकं रुततात, तुमच्यासाठी रबरी थराची जागाच बरी. खुर्चीतून उतरून खेळण्यावर सरकायचं असेल तर फलाट जमिनीपासून ११ ते १८ इंचांवर हवा आणि धरायला दांडा हवा. झोपाळा पाठीला पूर्ण आधार आणि पट्टा असलेला पाहिजे. तो नसेल तर महापालिकेकडे लेखी मागणी करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करायला सांगतो, अर्जात त्याचा उल्लेख असू द्या.

नुसतं फिरायचं असेल तर नेरुळला पाम बीच रस्त्यालगतचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आणि ठाण्यात पाचपाखाडीचा कचराळी तलाव, दोन्हीकडे पाण्याभोवती फेरीचा सपाट मार्ग आहे. सकाळी गर्दी धावणाऱ्यांची असते, नऊनंतर मोकळीक मिळते.

प्रश्न : बागेतला झोपाळा तुटून तीन महिने झाले. रखवालदार ‘वर सांगितलंय’ एवढंच म्हणतो. काय करावं?
(कळवा)

तोंडी सांगणं सोडा. एका पानाचा अर्ज करा: उद्यानाचं नाव, कोणतं खेळणं, नेमका दोष (‘डावीकडची साखळी तुटली, उजव्या खांबाचा पाया हलतो’), लहान मुलं वापरतात हा उल्लेख, आणि तारीख दिसेल असे दोन फोटो, एक जवळून आणि एक लांबून. अर्ज ठाणे महापालिकेच्या तुमच्या प्रभाग समिती कार्यालयात द्या, प्रत मुख्यालयातल्या उद्यान विभागाला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. नवी मुंबईत असाल तर त्या भागाचं विभाग कार्यालय. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही तक्रार टाकता येते.

महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘झोपाळा का दुरुस्त केला नाही’ असं विचारू नका, कारणं देण्यात वेळ जातो. कागद मागा: त्या उद्यानाच्या देखभालीच्या कंत्राटाची प्रत, खेळणी बसवल्याचा कार्यादेश, दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत आहे, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली. दोषदायित्वाची मुदत चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि हे कागदावर आलं की काम लवकर हलतं.

तोवर एका साखळीवर लोंबणारा झोपाळा तसाच ठेवू नका, मुलं त्यावरही बसतात. रखवालदाराला सांगून तो वर गुंडाळून बांधून घ्या.

प्रश्न : मे महिन्यात नातवंडं येतात. संध्याकाळी पाचला नेलं तरी घसरगुंडी भाजते, आणि सहानंतर डास. वेळ कोणती गाठावी?
(कोपरी, ठाणे पूर्व)

सकाळी साडेसहा ते साडेआठ. घसरगुंडी रात्रभर निवलेली असते. संध्याकाळी जायचं तर ती पश्चिमेला तोंड करून आहे का ते बघा. तशी असेल तर पाचला नुकतीच तापून निघालेली असते. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा, टिकली नाही तर मुलांना बसवू नका. गडद रंगाचा रबरी थरही तापतो, मुलांना त्यावर अनवाणी सोडू नका.

डेंग्यूचा डास दिवसाउजेडी चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधीच्या दोन तासांत, म्हणून सकाळच्या वेळीसुद्धा पूर्ण पायघोळ कपडे घाला. डास पळवणारं मलम हातापायांना लावा, लहान मुलांच्या तळहातांना नको, ते तोंडात जातात. बागेत बंद कारंज्याची टाकी, टाकून दिलेला टायर, झाडांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या यांत पाणी दिसलं तर माळ्याला दाखवून ते तिथल्या तिथे ओतून टाकायला लावा.

मे महिन्यात मैदानांवर लग्नाचे आणि कार्यक्रमांचे मांडवही पडतात. मांडव उठल्यावर दोन-तीन दिवस खिळे, तारांचे तुकडे आणि खुंट्यांचे खड्डे राहतात. त्या दिवसांत चेंडू खेळायला दुसरं मैदान बघा.